नवा पंप आणि नवा ब्लोअर घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत बांधलेली, इथे सेकंडहँड आणलेली ४५ फुटी मोटर यॉट. ४३५ हॉर्सपॉवरची दोन टर्बो डिझेल इंजिनं, १२ व्होल्टची डीसी लाइन. बोट गेटवेसमोर मूरिंगला असते, शनिवार-रविवारी मांडवा, सीझनमध्ये एखादी गोव्याची फेरी. तक्रारी चार. बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेलं पाणी उपसणारा) चालतो, पण पाणी हटत नाही आणि मध्येच ब्रेकर पडतो. गोड्या पाण्याचा पंप रात्री कोणी नळ उघडलेला नसताना आपोआप सुरू होतो. एसीचा समुद्राच्या पाण्याचा पंप जनरेटरवर बरा चालतो, पण गोव्यात जेट्टीवरून सप्लाय घेतला की तापतो आणि एसी ट्रिप होतो. आणि क्रूझला, म्हणजे नेहमीच्या प्रवासाच्या वेगाला, इंजिनरूममध्ये ६२ अंश तापमान, वर दोन्ही इंजिनं पूर्ण थ्रॉटलला २०० आरपीएम कमी. मेकॅनिकने बाहेर हवा फेकणारा नवा ब्लोअर बसवला, फरक शून्य. आता बिल्ज पंप आणि ब्लोअर दोन्ही मोठे घ्यावेत का, असं तुम्ही विचारता.

सध्या काहीही घेऊ नका. हवेच्या जाळ्यांचं माप आणि आरपीएम सोडले तर तुमच्या पत्रात एकच मोजमाप आहे, ते ६२ अंशांचं, आणि ते कुठे घेतलं तेही लिहिलेलं नाही. बाकी सगळं "चालतो", "आवाज येतो", "फिरतो". मोटर फिरतेय याचा अर्थ ती काम करतेय असा नसतो, आणि तुमच्या चारपैकी तीन तक्रारी नेमक्या याच जागी अडल्या आहेत. खर्च करायचाच तर एक साधा मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) आणि तीन मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी एवढाच करा. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी करंट दाखवतो ना, हे दुकानातच बघून घ्या. लोहार चाळीत स्वस्तात जे मिळतात त्यातले बरेचसे फक्त एसी करंटचे असतात.

बिल्ज पंपापासून सुरुवात करू, कारण बोट बुडते ती याच्यामुळे. पंप बंद असताना वायरवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे सप्लाय ठीक, असं समजून बहुतेक जण मीटर पिशवीत टाकतात. करंटच वाहत नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून बिल्जमध्ये दोन बादल्या पाणी ओता, पंप चालू करा आणि चालू असतानाच पंपाच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. त्याच क्षणी बॅटरीवर किती आहे तेही बघा. दोन्हीतला फरक म्हणजे वाटेत गेलेलं व्होल्टेज. सुरक्षेच्या उपकरणांना हा फरक ३ टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ०.३६. इकडच्या जुन्या बोटींवर दोन-दोन व्होल्ट गेलेले दिसतात. पंपाचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात पडतो आणि पाणी वर ढकलायची ताकद त्याहून वेगाने, जवळपास वर्गाच्या हिशेबाने. बॅटरीवर १२.६ आणि पंपावर १०.४ असेल तर ती ताकद तिसऱ्या हिश्श्याने गेली. पंप मात्र छान आवाज करत राहतो.

व्होल्टेज कुठे गेलं ते शोधायला अंदाज लागत नाही. पंप चालू ठेवूनच मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हला लावा, जेवढं दिसेल तेवढं पॉझिटिव्हच्या वाटेत गेलं. तसंच निगेटिव्हचं करा. निगेटिव्ह बाजू कोणी तपासत नाही आणि माझ्या अनुभवात निम्मा दोष तिथेच सापडतो: निगेटिव्ह बसबारच्या (सगळ्या निगेटिव्ह वायरी जिथे एकत्र येतात त्या पट्टीच्या) मागे हिरवट पडलेला लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा कान, किंवा बिल्जच्या तळाशी टेप गुंडाळून केलेला जोड. त्या जोडाजवळ वायरचं इन्सुलेशन दोन इंच सोलून बघा. तांबं काळं पडलं असेल तर खारं पाणी तारेच्या आतून वर चढलेलं आहे. तेवढा भाग कापून नवा लग मारला तरी पुढची वायरही काळीच निघते, तेव्हा लखलखीत तांबं लागेपर्यंत कापायचं किंवा वायरच बदलायची.

जाडीचा हिशेब इथेच करून टाकू. पंप १५ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून तो आठ मीटर लांब आहे असं धरा. जाऊन-येऊन १६ मीटर. घरच्या वायरिंगची अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर टाकली असेल तर नव्याकोऱ्या तांब्यातसुद्धा सुमारे १.६५ व्होल्ट जातात, गंजाचा त्यात काही संबंध नाही. चार स्क्वेअरने फरक १ व्होल्टपर्यंत येतो, दहा स्क्वेअरने ०.४ पर्यंत, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जवळ. बिल्ज पंपाला दहा स्क्वेअरची वायर म्हटलं की वायरमन हसतात. हसू द्या, दहाच टाका, आणि टिनचा मुलामा असलेली मरीन वायर घ्या. जोड बिल्जच्या पाण्याच्या वर आणि आतून गोंद असलेल्या हीट-श्रिंकमध्ये.

व्होल्टेज ठीक निघालं तर क्लॅम्प मीटर लावा. पंपावर लिहिलेल्या करंटपेक्षा बराच जास्त दिसतोय आणि पाणी येत नाही, तर इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) अडकलाय. कॉटन वेस्टचे धागे, केबल टायचे तुकडे, एकदा तर खलाशाच्या बनियनची पट्टी निघालेली मी पाहिली आहे. तुमचा ब्रेकर मध्येच पडतो त्याचं पहिलं संशयित कारण हेच. करंट कमी आहे आणि पाणीही नाही, तर पंप हवेत फिरतोय किंवा पुढची नळी तुंबली आहे. पुढे तुंबलं की मोटरवर ताण येऊन करंट वाढेल असं आपल्याला वाटतं, पण सेंट्रिफ्यूगल, म्हणजे इम्पेलर फिरवून पाणी बाहेर फेकणाऱ्या, पंपात उलटं होतं: पाणी सरकत नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणून करंट घसरतो. डायफ्रॅम (पडदा हलवून पाणी ढकलणाऱ्या) पंपाला हा नियम लावू नका, तिथे पुढे अडलं की करंट खरोखरच चढतो.

तिसरी एक गंमत आहे. सेंट्रिफ्यूगल बिल्ज पंपाच्या वायरी उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते, तरीही थोडं पाणी येतं. पंप बदलला आणि तेव्हापासून धार बारीक, अशी कथा असेल तर आधी पोलॅरिटी बघा.

ब्रेकर पडतो म्हणून मोठा ब्रेकर टाकायचा नाही. पंपाच्या कंपनीने जो फ्यूज सांगितलाय तो इम्पेलर जाम झाला तरी मोटर पेटू नये अशा हिशेबाने सांगितलेला असतो. दोन नंबर मोठा टाकलात तर पुढच्या वेळी फ्यूज जाणार नाही, मोटर जाईल, आणि ती डिझेल-तेल तरंगत असलेल्या जागेत जाईल.

क्षमतेबद्दलही एक गोष्ट. पंपावरचा २००० गॅलन प्रति तास हा आकडा, म्हणजे अमेरिकन गॅलनने साधारण ७,५०० लिटर, उंची शून्य आणि नळी जवळजवळ नाहीच अशा स्थितीतला असतो. दीड-दोन मीटर वर चढवून, आतून वळ्या असलेल्या स्वस्त नळीतून, तीन एल्बो मारून त्याच्या निम्मं बाहेर पडलं तरी नशीब समजा. आतून गुळगुळीत नळी टाका आणि वळणं कमी करा. डिस्चार्जला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला असेल तर काढून टाका. वर उभं राहिलेलं पाणी आणि खाली अडकलेली हवा यांच्यामध्ये हा पंप हतबल होतो. मागे येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त नळी वर नेऊन लूप करून आणि आउटलेट पाण्याच्या रेषेच्या बऱ्यापैकी वर ठेवून करायचा. आणि फ्लोट स्विचची (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणाऱ्या स्विचची) वायर मेन स्विचच्या आधी, आपल्या स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीवरून आली आहे ना, हे बघा. तुम्ही मेन बंद करून घरी गेलात की बोटीची राखण तोच एकटा करतो.

आता बिल्जमध्ये पाणी मुळात येतं कुठून? इथे तुमची दुसरी तक्रार उपयोगी पडते. गोड्या पाण्याचा पंप आपोआप सुरू होतो म्हणजे दाब कुठून तरी निसटतोय. पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवा. तरीही सुरू झाला तर दोष पंपाच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये. थांबला तर गळती पुढे आहे, आणि पहिली शंका घ्यायची ती वॉटर हीटरच्या रिलीफ व्हॉल्व्हवर, कारण त्याची नळी बहुतेक बोटींवर सरळ बिल्जमध्ये सोडलेली असते. घरच्या आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर असेल तर बिल्जचं पाणी ग्लासात घेऊन त्यात बुडवा. काहीशे आकडा दिसला तर ते तुमच्या टाकीचं पाणी. समुद्राचं पाणी त्या मीटरच्या मोजपट्टीबाहेर जातं. नळ उघडल्यावर पंप धडधड चालू-बंद होत असेल तर मात्र प्रेशर टाकीतली हवा गेली आहे. पंप बंद करा, नळ उघडून दाब शून्य करा आणि पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्यापेक्षा दोनेक पीएसआय कमी हवा सायकल पंपाने भरा.

एसीच्या पंपाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: जनरेटरवर चालतो, जेट्टीवर नाही. अमेरिकन बोटीचा जनरेटर ६० हर्ट्झचा, आपली लाइन ५० हर्ट्झची. पंपाच्या प्लेटवर फक्त ६० लिहिलं असेल तर इथल्या लाइनवर तो सहाव्या हिश्श्याने हळू फिरतो, पाणी ढकलायची ताकद तीसेक टक्क्यांनी घटते, आणि त्याच व्होल्टेजला कमी फ्रीक्वेन्सी मिळाल्याने मोटरचा गाभा जास्त तापतो. पाणी कमी म्हणून एसीच्या कंडेन्सरमधला दाब वाढतो आणि एसी ट्रिप होतो. मेकॅनिक मग गॅस तपासत बसतो. प्लेटवर ५०/६० असेल तर हा मुद्दा सोडा आणि स्ट्रेनर (पंपाआधीची गाळणी) उघडा. मुंबई बंदराच्या पाण्यात गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या दोन्हीची चंगळ आहे, आणि बोट एकाच जागी उभी राहिली की सी-कॉकच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) तोंडाशी बार्नेकल, म्हणजे कवचाचे चिकट समुद्री जीव, धरतात, तिथपर्यंत स्ट्रेनर साफ करणाऱ्याचा हात पोचत नाही. पंप नुसता गुणगुणतोय आणि फिरत नाही, असं असेल तर स्टार्टिंग कॅपॅसिटर. मोटर फिरतेय पण पाणी टिपूसभर नाही, आणि पंप मॅग्नेटिक कपलिंगचा (मोटर आणि इम्पेलर चुंबकाने जोडलेला) असेल, तर आतला इम्पेलर अडकलाय आणि बाहेरची मोटर एकटीच फिरतेय.

हात लावण्याआधी मात्र एक इशारा, आणि तो जिवाशी संबंधित आहे. अमेरिकन बोटीवर एसी करंटच्या वायरिंगमध्ये काळी वायर लाइव्ह असते, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्याकडचा जमिनीवरचा इलेक्ट्रिशियन काळ्याला न्यूट्रल समजून चिमटा लावतो. त्यात त्याच बोटीवर १२ व्होल्टच्या बाजूला काळी म्हणजे निगेटिव्ह. एकाच पॅनलमागे दोन काळ्या वायरी, एक निरुपद्रवी आणि एक मारणारी. जेट्टीचा प्लग काढा, जनरेटर बंद करा, इन्व्हर्टर बंद करा, मग टेस्टरने नाही तर मीटरने बघा, आणि त्यानंतरच पॅनल उघडा.

आता इंजिनरूमची हवा. तुमचा मेकॅनिक ज्या गोष्टीत चुकला त्यात खूप जण चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

तुमच्या इंजिनरूममधला सगळ्यात मोठा पंखा म्हणजे इंजिनच. ४३५ हॉर्सपॉवरचं टर्बो डिझेल पूर्ण लोडला मिनिटाला २५ ते ३० घनमीटर हवा गिळतं. दोन इंजिनांची मिळून पन्नास ते साठ. चार इंची ब्लोअर कागदावर सात घनमीटर देतो, आणि लांब, वाकड्या डक्टमधून त्याच्या निम्मे. म्हणजे तुम्ही मोठा घ्या की लहान, इंजिनं चालू असताना तो चिल्लर आहे. वर तो बाहेर ओढणारा बसवलाय. जी हवा इंजिनांना कमी पडतेय तिच्यातलीच थोडी तो बाहेर फेकतोय. इंजिनांची ओढ जास्त असेल तर ब्लोअरच्या आउटलेटमधून हवा उलटी आत येते आणि ब्लोअर बिचारा प्रवाहाविरुद्ध फिरत राहतो. हे बघायला त्या आउटलेटवर रुमाल धरा. जनरेटर आणि इंजिनं बंद असताना रुमाल बाहेर उडतो का, आणि क्रूझला तो जाळीला चिकटतो का?

खरा प्रश्न हवा आत यायच्या भोकांचा आहे. ढोबळ नियम असा की एकूण हॉर्सपॉवरला १.९५ ने गुणलं की लागणारं मोकळं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मिळतं. ८७० हॉर्सपॉवरला साधारण १,७००. तुम्ही दोन्ही बाजूंच्या जाळ्या ६० बाय १५ सेंटिमीटरच्या लिहिल्या आहेत, दोन्ही मिळून १,८०० होतात, म्हणून पुरेशा वाटतात. पण ते बाहेरचं माप. पात्यांची जाडी आणि तिरकेपणा वजा केला तर अशा जाळीत निम्म्याहून थोडी जास्त मोकळी जागा उरते, म्हणजे हजारच्या आसपास. त्यामागे पाण्याचे तुषार अडवणारी गाळणी असेल आणि ती मीठ-काजळीने भरली असेल तर तेवढीही नाही.

म्हणून मोकळ्या जागेचा माग जाळीपासून इंजिनापर्यंत हाताने काढा. काय काय सापडतं: लॉकरमध्ये वेंटला (हवा आत येण्याच्या भोकाला) टेकून ठेवलेले फेंडर (बोट जेट्टीला घासू नये म्हणून लावायचे फुगे), सुटून डक्टवर लोंबणारा साउंडप्रूफिंगचा फोम, पावसाळ्यात वेंटवर बांधलेलं आणि ऑक्टोबरात काढायचं राहिलेलं प्लॅस्टिक. आणि फायर डॅम्पर, म्हणजे आग लागल्यावर हवा तोडणारी झडप. अग्निशामक यंत्रणेची तपासणी झाली की तपासणारा डॅम्पर बंद करून दाखवतो आणि उघडायचं विसरून जातो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत झडप मिटलेली.

यानंतर पारदर्शक नळी. तिचा यू आकार करून त्यात निम्म्यापर्यंत पाणी भरा, थोडा रंग टाका. नळीचं एक टोक झाकणाच्या रबराखालून इंजिनरूममध्ये, दुसरं कॉकपिटमध्ये मोकळं. नळी रबराखाली चेपली जाणार नाही याची काळजी घ्या. मोकळ्या पाण्यात, रहदारी बघून, झाकणं बंद ठेवून दोन्ही इंजिनं पूर्ण थ्रॉटलला न्या आणि दोन पातळ्यांमधला फरक मिलिमीटरमध्ये वाचा. इंजिनाच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, काही कंपन्या ०.५ किलोपास्कल देतात, म्हणजे पन्नास मिलिमीटर पाणी. माझं मत विचाराल तर पंचवीसच्या वर गेलं की मी भोकं वाढवायला सांगतो. पन्नास मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक मीटर बाय ऐंशी सेंटिमीटरच्या झाकणावर ते चाळीस किलोंच्या वजनाने दाबतं. "क्रूझला झाकण उचलत नाही, बिजागरी जाम आहे" असं तुमच्या तांडेलाने कधी म्हटलं असेल तर बिजागरीला तेल देऊ नका.

त्याच धावेत झाकण चार बोटं उघडायला लावा आणि आरपीएमवर नजर ठेवा. उघडणारा माणूस वरच उभा राहील, आत उतरणार नाही, गळ्यात-हातात लोंबतं काही नको. आरपीएम चढले तर इंजिनांचा श्वास कोंडत होता हे सिद्ध झालं. तसूभर हलले नाहीत तर हवेला दोष देऊ नका. प्रॉपेलरवरचे बार्नेकल, डिझेल फिल्टर, टर्बो या बाजूला वळा. मुंबईत महिनाभर उभ्या असलेल्या बोटीचे २०० आरपीएम नुसत्या घाण प्रॉपेलरनेही जातात.

६२ अंश कुठे मोजले, हेही महत्त्वाचं. छताला लावलेला थर्मामीटर जास्तच दाखवणार. सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाशी लावा. तिथलं तापमान बाहेरच्यापेक्षा १५ ते १७ अंशांहून जास्त नसावं. मे महिन्यात बाहेर ३४ असेल तर फिल्टरपाशी पन्नासपर्यंत चालेल. हवा पुरेशी येतेय आणि तरी तापमान जास्त आहे, तर उष्णता कुठून येतेय ते शोधा: एक्झॉस्टच्या कोरड्या भागावरचं फाटलेलं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण), किंवा फ्लँजपाशी गळती. गळती असली की जवळच्या पांढऱ्या रंगावर काजळीचा पंखा उमटतो आणि एअर फिल्टर वेळेआधी काळा होतो. ही गळती सापडली तर तिची दुरुस्ती आधी, बाकी सगळं नंतर. तो धूर केबिनमध्येही जातो.

मग ब्लोअरचं काय करायचं? इंजिनं बंद केल्यावर त्याचं खरं काम सुरू होतं. पाणी फिरायचं थांबतं, पंख्याचं काम करणारी इंजिनंही थांबतात, आणि तापलेलं लोखंड पुढचा अर्धा तास खोली भाजत राहतं. तेव्हा बाहेर ओढणारा ब्लोअर अर्धा तास चालवा, आणि त्याचं तोंड छताजवळ असू द्या. इंजिनं चालू असताना तो बंद, किंवा चालवायचाच तर आत हवा ढकलणारा. ही सगळी चर्चा डिझेलची आहे. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत वाफ जड असते, तळाशी साचते, तिथे ब्लोअरचं तोंड बिल्जच्या तळाजवळ लागतं आणि इंजिन सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं तो चालवावाच लागतो, तोही ठिणगी बाहेर न पडणारा मरीन ब्लोअर. ब्लोअरच्या दिशेची खातरजमा हाताने करा. साधा पात्यांचा डीसी पंखा उलटा जोडला तर उलट दिशेला फुंकतो, लगेच कळतं. गोल पिंजऱ्याचा ब्लोअर उलटा जोडला तरी त्याच दिशेला फुंकतो, फक्त कमी, आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

हवा आणि पंप या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, हे एव्हाना दिसलं असेल. बॅटऱ्या, चार्जर आणि निम्मे पंप त्याच ६० अंशांच्या खोलीत बसलेत. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे सकाळी २८ अंशांना तपासलेली वायर दुपारी ६० अंशांना बारा टक्के जास्त व्होल्टेज खाते. मोटरच्या वाइंडिंगचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. बिल्ज पंपाचं मोजमाप म्हणूनच मांडव्याहून परत आल्या आल्या, गरम इंजिनरूममध्ये करा, थंड सकाळी नाही.

जाळ्या वाढवायच्या ठरल्याच तर बोट पावसाळ्यासाठी वर काढाल तेव्हा करा. हलच्या (बोटीच्या कवचाच्या) बाजूला नवं भोक पाडण्याआधी ते पाण्याच्या रेषेच्या किती वर येतं, बोट कलंडल्यावर कुठे जातं आणि मागे स्ट्रिंगर (हलला आतून बळ देणारी लांब पट्टी) आहे का, हे सर्व्हेअरला दाखवा. नव्या प्रत्येक वेंटला बाहेरून बंद करता येणारी झडप हवी, नाहीतर आग लागल्यावर अग्निशामक सिलेंडरमधला गॅस तिथूनच निघून जाईल. विमा कंपनीलाही कळवा. तोपर्यंत ब्लोअरचा स्विच इंजिनं चालू असताना बंद ठेवा, गाळण्या गोड्या पाण्याने धुवा, डॅम्पर उघडा, आणि दहा स्क्वेअरची वायर ओढून घ्या. नळीतला मिलिमीटरचा आकडा आणि पंपावरचं चालू व्होल्टेज कळवलंत तर कोणती जाळी किती वाढवायची ते सांगता येईल.